ताशी पंधरा किलोमीटर

एक टन वजनाची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने चालती ठेवायला किती ताकद लागते? टायरचं घर्षण तेवढं जमेस धरायचं, कारण या वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो. हिशोब अर्ध्या किलोवॉटच्या आसपास येतो, म्हणजे पाऊण अश्वशक्तीच्याही आत. गाडीत बसवलेलं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन मात्र ८०-९० अश्वशक्तीचं असतं. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर किंवा सायन-पनवेल मार्गावर रांगेत सरकताना चाकं इंजिनाकडे त्याच्या ताकदीचा शंभरावा हिस्साही मागत नाहीत. उन्हाळ्यात एसी लावला की कॉम्प्रेसर दीड-दोन किलोवॉट सहज घेतो. तेव्हा इंजिन गाडी ढकलण्यापेक्षा आतली हवा थंड करायलाच जास्त राबत असतं.

मंद वेगातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या आकड्यांमध्ये आहे. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाताना इंजिनाच्या हिशोबात अर्ध्या अश्वशक्तीची चूक झाली तर कोणाला कळणारही नाही. पंधराच्या वेगाला तीच चूक एकूण कामाच्या जवळपास बरोबरीची ठरते. गाडी गचका देते, मान पुढे-मागे होते, किंवा क्लच सोडता सोडता इंजिन बंद पडतं आणि मागचे हॉर्न वाजवू लागतात. इंजिनाची खरी परीक्षा कमाल वेगाला होते असं जाहिराती पाहून वाटतं. गाडी घडवणारे अभियंते मात्र महिनोन् महिने घालवतात ते या पहिल्या वीस किलोमीटरच्या वेगावर.

गॅरेजमध्ये आपण तक्रार करतो ती एका वाक्यात: ‘गाडीला पिकअप नाही.’ त्या वाक्याखाली निदान अर्धा डझन वेगवेगळी दुखणी येतात. त्यांतली काही खरोखर बिघाड असतात, काही त्या इंजिनाचा जन्मजात स्वभाव असतो, आणि काही तर कारखान्यात विचारपूर्वक घेतलेले निर्णय असतात. हे तीन प्रकार वेगळे न काढल्यामुळे लोक नको त्या सुट्या भागांवर पैसे घालवतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर.

सुरुवात थ्रॉटलपासून. इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत एक गोल चकती असते. पेट्रोल गाडीत आपण पायाने खरं तर ही चकती फिरवतो, म्हणजे हवा वाढवतो. पेट्रोल किती द्यायचं ते त्या हवेवरून ठरतं. इंजिन नुसतं सुरू असतं तेव्हा चकती जवळपास बंद असते. तिच्या अलीकडे वातावरणाचा दाब आणि पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, त्याचा साधारण तिसरा हिस्सा. दाबांत एवढा फरक असला की अरुंद फटीतून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते आणि तिथेच अडते; पलीकडचा दाब आणखी कमी झाला तरी ती जास्त येत नाही. अशा वेळी किती हवा आत जाणार हे फक्त फटीच्या आकारावर अवलंबून राहतं. फट दुप्पट तर हवा दुप्पट. उलट चकती बरीच उघडलेली असताना, आणि इंजिन मंद फिरत असताना, ती आणखी पाच अंश फिरवली तरी फारसं काही घडत नाही, कारण मॅनिफोल्डमध्ये आधीच बाहेरच्याइतका दाब झालेला असतो. थोडक्यात, मंद वेगाची सगळी गाडी चकतीच्या पहिल्या काही अंशांत सामावलेली असते. केबलच्या काळात काही कंपन्या थ्रॉटलची कप्पी पूर्ण गोल न ठेवता मुद्दाम लंबगोल करत, ती याचसाठी: सुरुवातीला पाय बराच हलावा आणि चकती थोडीच.

एवढ्या बारीक फटीवर सगळं अवलंबून असेल तर तिथे साचलेला कार्बनही मोठा होतो. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतो. तो बाहेर सोडायला कायद्याने मनाई असल्यामुळे तेलाच्या वाफेसकट परत हवेच्या नळीत आणून जाळला जातो. ती तेलकट वाफ चकतीच्या कडेला बसते, आणि काही वर्षांत तिथे काळं चिकट कडं तयार होतं. महामार्गावर त्याचा काडीचाही परिणाम जाणवत नाही. सिग्नलला मात्र आयडलिंग खाली-वर होऊ लागतं, एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिन थरथरतं, आणि पेडलवर पाय ठेवताक्षणी गाडी आधी दम खाते, मग एकदम झेप घेते. थ्रॉटल बॉडी साफ करणं हा या दुखण्यावरचा रास्त इलाज आहे आणि खर्चही फार नाही. फक्त एक गोष्ट मालकाला आधी सांगायला हवी. कार्बन वाढत गेला तसा गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, चकती थोडी थोडी जास्त उघडी ठेवायला शिकलेला असतो. साफसफाईनंतर तो जुन्याच अंदाजाने ती उघडतो आणि आयडल चढतं. स्कॅनर लावून त्याला नव्याने शिकवावं लागतं. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप शिकतात. हे ठाऊक नसलेला माणूस ‘साफ करायला दिली आणि बिघडवून आणली’ म्हणत गॅरेज बदलतो.

हवा झाली, आता इंधन. इंजेक्टरमधून फवारलेलं सगळं पेट्रोल हवेबरोबर लगेच सिलिंडरमध्ये जात नाही. काही भाग नळीच्या भिंतीवर आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर ओला थर होऊन बसतो आणि तिथून सावकाश उडतो. पाय स्थिर असताना जेवढं बसतं तेवढंच उडतं, त्यामुळे फरक पडत नाही. पेडल अचानक दाबलं की हवा तत्काळ वाढते, पण वाढवलेल्या पेट्रोलचा काही हिस्सा आधी भिंत ओली करण्यात जातो. क्षणभर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. फोर्डमधले संशोधक सी. एफ. अक्विनो यांनी १९८१मध्ये या थराचं साधं गणित मांडलं. त्यात दोनच आकडे लागतात: फवाऱ्यातला किती हिस्सा भिंतीवर बसतो, आणि बसलेला थर उडून जायला किती वेळ घेतो. व्हॉल्व्हच्या मागे फवारा मारणाऱ्या इंजिनांच्या ईसीयूमध्ये आजही या ना त्या रूपात हा हिशोब चालू असतो.

कार्बोरेटरच्या काळात तोच प्रश्न एका छोट्या पंपाने सोडवलेला होता. पेडल झटक्यात दाबलं की हा पंप पेट्रोलची जादा पिचकारी मारायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या पद्मिनी टॅक्सीच्या जुन्या चालकांना सकाळी चोक ओढून, हळूहळू रेस देत गाडी गरम करायची सवय होती. थंड धातूवर पेट्रोल जास्त बसतं आणि कमी उडतं, हे त्यांना अनुभवाने पक्कं माहीत होतं. इंजेक्शनच्या गाडीतही पहिले दोन-तीन किलोमीटर थोडी अडखळ वाटली तर तिचं कारण बहुधा हेच.

व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बनचा थर साचला की तो पेट्रोल शोषून घेतो आणि पाय दिल्यावरचा खळगा आणखी खोल होतो. ही समस्या इतकी सार्वत्रिक होती की अमेरिकेत १९९५पासून सगळ्या पेट्रोलमध्ये साफ करणारं रसायन घालणं सक्तीचं झालं. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि त्याला हवाही कमी पुरते: पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा, इथेनॉलच्या एका किलोला ९. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी गरम झाल्यावर हा फरक सावरून घेते. थंड असताना सेन्सर कामाला लागलेला नसतो. म्हणून अशा इंधनासाठी न जुळवलेल्या गाडीत तक्रार असेल तर ती सकाळच्या पहिल्या चौकात आधी जाणवते. सीएनजीचं उलटं आहे. वायू भिंतीवर बसतच नाही, त्यामुळे ही विशिष्ट अडखळ नसते. पण तो हवेची जागा व्यापतो, साधारण दहा टक्के ताकद कमी होते आणि चढावर पहिला गिअर लवकर आठवतो.

आता स्वभावाकडे येतो. त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल. रांजणगावच्या कारखान्यात आणि तिकडे हरियाणात मानेसरला बनलेलं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, पुन्टो, लिनिया, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. जानेवारी २००७मध्ये स्विफ्ट डिझेल आली तेव्हापासून मारुतीने एप्रिल २०२०मध्ये डिझेल बंद करेपर्यंत महाराष्ट्रातल्या लाखो किलोमीटरांच्या टॅक्स्या याच इंजिनाने ओढल्या. स्विफ्टमध्ये त्याची ताकद ७५ अश्वशक्ती आणि टॉर्क १९० न्यूटन-मीटर. पण तो टॉर्क मिळायचा २००० आरपीएमला, आणि सगळी मेख तिथेच होती.

गतिरोधक ओलांडून दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १५ किलोमीटरला हे इंजिन हजारच्या जरा वर फिरत असतं. टर्बो फिरतो तो धुराच्या जोरावर. मंद इंजिनातून धूर थोडा निघतो, म्हणून टर्बो सुस्त. टर्बो सुस्त म्हणून हवा कमी. हवा कमी असताना जास्त डिझेल टाकलं तर काळा धूर होईल, म्हणून ईसीयू डिझेलच रोखून धरतो. डिझेल कमी म्हणून पुन्हा धूर कमी. या चक्रातून बाहेर पडायला इंजिनाला १८००च्या पुढे जावं लागतं, आणि तोवर आपण सव्वा लिटरचं, टर्बो नसल्यासारखं डिझेल चालवत असतो. खंबाटकी घाटाच्या वळणावर ट्रकमागे वेग पडला आणि दुसऱ्याच गिअरमध्ये पेडल दाबत राहिलं, तर गाडी काहीच करत नाही. मग दोन हजार आले की एकदम सगळं एका वेळी येतं. ही गाडी पहिल्यांदा घाटात नेणारा माणूस घाबरतो, आणि ते रास्तच आहे.

इथे इंजेक्टर साफ करून किंवा फिल्टर बदलून काही साधत नाही. पहिला गिअर टाकणं हाच उपाय. याच इंजिनाच्या ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत टर्बोभोवती फिरत्या पाकळ्या होत्या. धूर कमी असताना त्या मिटून वाट अरुंद करायच्या, त्यामुळे धूर जोरात येऊन चाक लवकर फिरायचं आणि २०० न्यूटन-मीटर १७५० आरपीएमलाच हजर व्हायचे. कागदावर २५० आरपीएमचा फरक किरकोळ वाटतो. सिंहगडाच्या चढणीवर तो एका गिअरचा फरक होता.

नव्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत आणखी एक अडचण असते. कमी आरपीएमला पेडल खोल दाबलं तर सिलिंडरमध्ये ठिणगीच्या आधीच स्फोट होऊ शकतो, आणि तो पिस्टन फोडण्याइतका जोरदार असू शकतो. यासाठी २०१८मध्ये तेलाचा एसएन प्लस हा खास दर्जा आणला गेला. त्याच भीतीने कंपन्या दीड हजाराखाली टॉर्क मुद्दाम बांधून ठेवतात. चौथ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरला अशी गाडी ओढत नाही, ती स्वतःला वाचवत असते.

तिसरा प्रकार ठरवून ठेवलेल्या उशिराचा. हा सर्वांत कमी समजला गेलेला आहे. बीएमडब्ल्यूने १९८७मध्ये ‘७ सीरिज’मधल्या बारा सिलिंडरच्या गाडीत पेडल आणि थ्रॉटल यांच्यामधली तार काढून टाकली आणि मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणलं. आज आपल्याकडच्या साध्या गाडीतही तेच आहे. पेडलखाली दोन स्वतंत्र सेन्सर असतात. दोघांचं जुळलं नाही तर गाडी ताकद कमी करून जेमतेम गॅरेजपर्यंत जाऊ देते. पेडलची स्थिती म्हणजे आता आज्ञा नव्हे, मागणी. एवढा टॉर्क हवा, असं ईसीयूला कळतं. मग तो एसी, अल्टरनेटर, प्रदूषणाच्या मर्यादा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं तापमान हे सगळं पाहून चकती किती उघडायची ते ठरवतो. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आणि एप्रिल २०२३पासून प्रत्यक्ष रस्त्यावरची प्रदूषण चाचणी आली. चकती झटक्यात उघडली की मिश्रण बिघडतं आणि धुरात विष वाढतं, म्हणून चकतीला सावकाश उघडायला लावणं हा निर्मात्यांना सोपा मार्ग वाटतो. जुन्या केबलच्या गाडीवरून नवीन गाडीत बसणाऱ्याला ‘ही विचार करून पळते’ असं वाटतं, त्याचं कारण हे.

पण त्या उशिराचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि मला ते गाडीच्या रचनेतलं सर्वांत सुंदर काम वाटतं. गिअरचे दात, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे, क्लचमधल्या स्प्रिंगा, इंजिनाचे रबरी माउंटिंग, प्रत्येक ठिकाणी थोडी सैल जागा असते. पाय काढल्यावर चाकं इंजिनाला ओढत असतात. पाय दिल्यावर इंजिन चाकांना ढकलू लागतं. दिशा पालटताना ती सगळी सैल जागा आधी भरून निघते आणि मग धक्का बसतो. उभी मालगाडी सुटताना डब्यांच्या जोडण्या एकामागून एक ताणल्या जाऊन खडखडाट शेवटच्या डब्यापर्यंत जातो, तसंच. वेगात असताना ही दिशा क्वचित पालटते. रांगेत सरकताना मिनिटाला कितीतरी वेळा पालटते. त्यात भर इंधन तोडण्याची: पाय पूर्ण काढला आणि इंजिन पुरेसं फिरत असलं की ईसीयू पेट्रोल थांबवतो, आणि आरपीएम आयडलजवळ आलं की पुन्हा सुरू करतो. तो बंद-चालूचा बिंदू नेमका आपल्या सरकण्याच्या वेगात आला तर गाडी झटके मारते.

यावर अभियंत्यांचा उपाय असा: टॉर्कची दिशा बदलण्याच्या क्षणी तो अगदी हलका ठेवायचा, सैल जागा हळुवार भरून घ्यायची आणि मगच जोर द्यायचा. यात सेकंदाचा काही दशांश जातो. पाय आणि चाक यांच्यामधला तो उशीर म्हणजे टाळलेला धक्का. विजेच्या गाडीची मोटर काही मिलिसेकंदांत पूर्ण टॉर्क देऊ शकते, तरी तिलाही हाच संथपणा मुद्दाम शिकवावा लागतो, कारण गिअरचे दात आणि शाफ्टचे सांधे तिच्यातही आहेत.

बाजारात पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये बसवायची एक छोटी डबी मिळते. ती लावली की गाडी ‘पेटते’ असं विकणारा सांगतो. ती एवढंच करते की आपण पेडल २० टक्के दाबलं तर ईसीयूला ४० टक्के सांगते. टर्बोला फिरायला लागणारा वेळ तसाच राहतो, ताकद तेवढीच राहते, सैल जागाही तीच राहते. रांगेत सरकताना ज्या पहिल्या सेंटिमीटरात बारकावा हवा तोच जास्त खरखरीत होतो. गर्दीच्या शहरात राहणाऱ्याने यावर पैसे घालवू नयेत, असं मी स्पष्ट सांगेन. गाडीतलं स्पोर्ट आणि इको हे बटणही बहुतांशी पेडलचाच अर्थ बदलतं. रांगेत इको उपयोगी पडतं ते याच कारणाने.

एएमटी गाड्यांत क्लच मोटर चालवते. फेब्रुवारी २०१४मध्ये सेलेरिओ घेऊन मारुतीने हा प्रकार सामान्य खिशात आणला, आणि गुडघेदुखी असलेल्या कितीतरी चालकांची त्याने सोय केली. गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते, म्हणून मान डुलते. गिअर पडणार असं वाटताच पाय किंचित उचलला तर डुलणं बरंच कमी होतं. चढावर पेडलने गाडी धरून ठेवू नये. क्लच घासत राहतो आणि तापतो. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरावा.

हे सगळं बाजूला काढल्यावर उरतो तो खरा बिघाड, आणि तो शोधायलाही मंद वेगाचं गणितच मदतीला येतं. हवेच्या नळीला कुठे चीर असेल तर तिच्यातून आत येणारी हवा इंजिन मंद असताना एकूण हवेचा मोठा हिस्सा असते, वेगात असताना नगण्य. एप्रिल २०१३नंतरच्या गाडीला डॅशबोर्डखाली स्कॅनर लावता येतो. त्यात इंधन-दुरुस्तीचा आकडा पाहावा. आयडलला तो अधिक १५ टक्के आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य असेल, तर हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत चीर शोधायला लागावं. दोन्हीकडे सारखाच चढलेला असेल तर इंधनाचा दाब किंवा सेन्सर तपासावा. मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशोब करणाऱ्या छोट्या गाड्यांत मात्र ती चोरटी हवाही मोजली जाते. तिथे आकडा शांत राहतो आणि आयडलच चढतं. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, पेडल दाबल्यावरच मिसिंग येत असेल तर आधी प्लग आणि कॉइल, कारण त्या स्थितीत सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. पाय दिल्या-काढल्यावर ‘टक्’ असा आवाज येत असेल तर माउंटिंग. पहिल्या गिअरमध्ये सुटतानाच थरथर आणि नंतर सगळं सुरळीत, तर क्लच.

म्हणून मेस्त्रीकडे जाताना पिकअपबद्दल बोलण्याऐवजी एवढं सांगावं: गाडी थंड होती की गरम, कोणता गिअर, किती आरपीएम, एसी चालू होता का, सपाटीवर की चढावर, पाय देताना की काढताना, आणि टाकी कधी भरली. मग त्याला शेजारी बसवून, एसी लावून, जिथे त्रास होतो त्याच चढावर आणि त्याच गिअरमध्ये गाडी चालवून दाखवावी. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने मारलेल्या फेरीत या प्रकरणातलं एकही दुखणं दिसणार नाही.